सुखना तलावावरची घासाघीस

भाजीवालीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत मी सगळ्यांशी घासाघीस केली आहे, पण एखाद्या आकड्याशी घासाघीस करायची वेळ आयुष्यात एकदाच आली. सुखना तलावावर हिवाळ्यात किती बोटी फिरतात, त्याचा तो आकडा होता. तो बरोबर आला त्यात माझा वाटा मोठा आहे. हे आजवर कुणी मोकळेपणी कबूल केलेलं नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

मी मूळचा जतकडचा. आमच्याकडे पाणी दिसलं की लोक भांडी घेऊन धावतात, त्यात बोट घालायचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. चंदीगडला आलो तो दुसऱ्याच्या कारखान्यात हाताखालचा माणूस म्हणून. नव्वदीत बाजार मोकळा झाला, लोकांच्या खिशात पैसा खुळखुळायला लागला, आणि मी डेराबस्सीला फायबरग्लासची स्वतःची शेड टाकली. आधी पाण्याच्या टाक्या केल्या, मग बागेतल्या घसरगुंड्या, मग पायडल मारून चालवायच्या बोटी. तलावावरच्या पिवळ्या बोटी माझ्या. तिथल्या बोटिंगच्या ऑफिसने पुढच्या उन्हाळ्यासाठी नवा मोठा लॉट घेऊ असं तोंडी सांगितलं होतं. तेवढ्या शब्दावर मी नवा साचा केला आणि रेझिनची पिंपं उधारीवर भरून ठेवली.

आणि मग मॅडम मध्ये आल्या.

मॅडम म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या, मूळच्या पुण्याच्या, युनिव्हर्सिटीत पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या. थंडीत तलावावर लांबून बदकं येतात. तलावाचा मागचा, लव्हाळ्यांचा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा, तिथे फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्यांची दोरी टाकून बोटी अडवाव्यात, असं सरकारी मंडळींच्या मनात होतं. दोरी कुठे टाकायची आणि नव्या बोटी घ्यायच्या की नाही, हे मॅडमच्या अंदाजावर ठरणार होतं. मागे बोटी फार जातात असं निघालं, तर माझा लॉट गेला.

आमच्या मंडळात सगळे डॉक्टर, प्राध्यापक आणि फौजी अधिकारी. मांडव, टेम्पो, दोऱ्या लागल्या की माझी आठवण व्हायची. स्टेजवर बसायची वेळ आली की नेमकी एक खुर्ची कमी पडायची. मॅडमनी मोजणीसाठी मंडळातून माणसं मागितली तेव्हाही सगळ्यांनी नावं दिली आणि मला विचारलं ते चहाच्या थर्मासांचं. मी म्हटलं, थर्मास आणतो आणि मोजायलाही येतो.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना गाठलं.

"मॅडम, तुमचा अंदाज काय?"

"अहो, अजून मोजलंच नाही."

"तरी. मनात काही असेलच की."

"मनातला आकडा कागदावर येऊ नये, म्हणूनच तर मोजायचं."

"त्याला मोजायचं कशाला? तिकिटं किती फाटली ते ऑफिसात विचारा."

"एका तिकिटावर निम्मं कुटुंब आधी जातं, अर्ध्यात परत येतं आणि उरलेलं निम्मं चढतं. आणि बोट धक्क्याजवळच गोल फिरली की लव्हाळ्यापर्यंत गेली, ते तिकीट सांगतं का? मला बोटी कुठे जातात ते हवंय. शिवाय मी एकच आकडा देणार नाही. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असा देणार."

मला एकदम धीर आला. "म्हणजे तुम्हीही वरचा भाव आणि खालचा भाव ठेवताच."

"तो भाव नाही हो. आपल्याला नक्की किती कळलेलं नाही, ते त्यातून कळतं."

"मग खालचा लावा."

"ही भेंडी नाही," मॅडम म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारून गेल्या.

सगळे दिवस मोजणं शक्य नव्हतं. म्हणून मॅडमनी दिवस आणि वेळा भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून काढल्या. आपल्या सोयीचा दिवस निवडला की आकडाही सोयीचा येतो, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटलं. मीसुद्धा माल बघायला जातो तेव्हा आधी कळवून जात नाही. चिठ्ठीत निघाला संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारची वेळ. काठावरच्या फरसबंद रस्त्यावर ठरावीक अंतराने माणसं उभी राहणार, घड्याळ लावून एकाच वेळी आपापल्या समोरच्या बोटी मोजणार. पद्धत सोपी होती. पण ही बातमी मंडळाच्या बायकांपर्यंत पोचली, आणि एवढे सगळे पुरुष तलावावर जाणारच आहेत तर यंदाचं हळदीकुंकूही तिथेच करू, असं ठरलं.

त्या दिवशी सकाळभर धुकं होतं, दुपारी लख्ख ऊन पडलं. हिरवळीवर सतरंज्या पडल्या. तिळगुळाचे डबे उघडले. मी माझ्या जागेवर कागद घेऊन उभा राहिलो, आणि वेळ झाल्यावर समोर बघतो तो तलाव पिवळाधमक. माझा माल एवढ्या जोरात चाललेला मी कधी पाहिला नव्हता. एरवी आनंद झाला असता, त्या दिवशी प्रत्येक बोटीबरोबर माझा लॉट बुडताना दिसला. इतक्यात एका बोटीतून हाक आली, "अहो, इकडे बघा ना!"

आमची सौभाग्यवती. काळी साडी, शेजारी कर्नलसाहेबांच्या मिसेस, मागे आमची मुलगी. मुलगी ओरडली, "पापा, हमें भी गिन लो!"

मग मी नीट पाहिलं. पलीकडच्या बोटीत हाडांच्या डॉक्टरांचं अख्खं घर. त्याच्या पुढच्या बोटीत हवाई दलातल्या दोन वहिनी, एकमेकींना वाण देत. पाण्यावर जिकडे बघावं तिकडे मराठी. काठावर नवरे मोजत होते आणि पाण्यात त्यांच्याच बायका मोजल्या जात होत्या.

मी तसाच मॅडमकडे गेलो. आवाज चढला होता हे मान्य. "हा आकडा मी मानत नाही. तुमच्या मोजणीत आमचं मंडळ बसलंय."

मॅडमनी डोळ्यांवर हात धरून तलावाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अरे देवा. त्या मधल्या बोटीत माझी सासू आहे."

"मग?"

"मग काय, आजचा दिवस रद्द. पुन्हा चिठ्ठी काढू. ह्या वेळी कुणाला सांगायचं नाही."

मी जिंकलो होतो. पण जिंकल्यावर गप्प बसेन तर मी कसला. मी म्हटलं, "आणि मॅडम, ती मागची बाजू उगाच धरू नका. तिकडे कुणी जात नाही. माझ्या बोटीच्या पायडलने तिथवर जायचं म्हणजे मांड्या भरून येतात."

"तिकडचं काठावरून दिसत नाही, बेट मध्ये येतं. मला तिकडेच एक माणूस हवाय. तुम्ही जाता?"

"जातो. आणि रिकामं पाणी लिहून आणतो."

पुढच्या चिठ्ठीतला दिवस मधल्या वारी निघाला. मी स्कूटरवरून किशनगढ गावाच्या बाजूने, बांधाबांधाने मागच्या काठावर गेलो. कर्नलसाहेबांची दुर्बीण गळ्यात. पुढच्या काठावर मॅडम, मागच्या काठावर मी, दोघांची घड्याळं जुळवलेली. सुरुवातीला खरंच काही नव्हतं. चांदव्यांची, त्या पांढऱ्या कपाळाच्या पाणपक्ष्यांची, काळी ओळ पाण्यावर पसरलेली, मधूनच एखादं बदक शेपूट वर करून बुडी मारत होतं. मी खूश होतो.

मग बेटाआडून एक पिवळं टोक आलं. त्याच्यामागे दुसरं. एकेक करून बोटी लव्हाळ्यात शिरल्या आणि थांबल्या. प्रत्येक बोटीत दोघंच. पायडलवरचे पाय सुटलेले, डोकी जवळ. पुढच्या काठावर अर्धं शहर हवा खायला येतं; ओळखीचा मामा, मास्तर, शेजारी कुणीही दिसू शकतो. कॉलेजच्या पोरापोरींना साऱ्या शहरात निवांत बसायला जागा होती ती इथे, बदकांच्या शेजारी. मांड्या भरून येण्याचा हिशेब मी माझ्या वयाने केला होता. आणि चांदवे हळूहळू सरकत सरकत पार चिखलाच्या कडेला जाऊन उभे राहिले होते.

रिकामं पाणी लिहावं, असं मनात आलं. विचारणारं कुणी नव्हतं. शेडमध्ये साचा तयार होता, पिंपांचे पैसे द्यायचे होते. पण मी भाव पाडतो, मापात पाप करत नाही. होत्या तेवढ्या बोटी लिहिल्या आणि रागारागाने स्कूटर मारत परत आलो.

मॅडमनी माझा कागद पाहिला, मग स्वतःचा. "म्हणजे काठावरून दिसतात त्याच्या बऱ्याच वर बोटी आहेत. आता पुढच्या काठाचा प्रत्येक आकडा ह्या हिशेबाने वाढवायला हवा."

"वाढवायला," मी म्हटलं. "तुम्ही वरचाच भाव लावणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

आणखी काही चिठ्ठ्या निघाल्या, प्रत्येक वेळी मी मागच्या काठावर गेलो. एकदाही पाणी रिकामं मिळालं नाही. शेवटी मॅडमचा अहवाल गेला. दोरी बेटाच्या अलीकडे टाकायचं ठरलं. नव्या बोटींचा लॉट निम्म्यावर आला. घरी मी दोन दिवस पिंपांच्या उधारीचा हिशेब पुन्हा पुन्हा मांडत बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, दोरीला गोळे लागतील ना? ते काय झाडाला लागतात?"

मी तडक निघालो. फ्लोटच्या खरेदीचं मॅडमनाच बघायला सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोर बसलो, फायबरग्लासचे फ्लोट उन्हात कसे तडकत नाहीत ते सांगितलं आणि दर सांगायला तोंड उघडलं.

"एकच आकडा नको," मॅडम म्हणाल्या. "इतक्यापासून इतक्यापर्यंत, असा सांगा."

कुणी इतक्या आदराने विचारलं की माणूस फसतो. मी दोन्ही सांगितले.

"मग खालचा लावा," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला असं कुणी कापलं नव्हतं. मी म्हटलं, "लावतो. पण अहवालात माझं नाव आलं पाहिजे." त्यावर त्या नुसत्या हसल्या. ते हसणं म्हणजे होकार, असं मी धरलं.

छापील अहवाल आला तेव्हा शेवटचं पान आधी उघडलं. कर्नलसाहेबांचं नाव होतं, हाडांच्या डॉक्टरांचं होतं, ज्यांनी त्या रद्द झालेल्या रविवारी फक्त आपल्या बायका मोजल्या त्या सगळ्यांची होती. आणि शेवटच्या ओळीत: मागच्या काठावरचं निरीक्षण, एक स्वयंसेवक.

मी फोन लावला. "एक स्वयंसेवक म्हणजे कोण?"

"अहो, तुमची शेड बोटी करते, आता फ्लोटही करणार. तुमचं नाव घातलं असतं तर लोक म्हणाले असते, आकडा ह्यानेच दिला. सगळा अभ्यास फुकट गेला असता."

"पण आकडा मीच दिला."

"म्हणून तर नाव घातलं नाही."

मी फोन आपटला. कारण पटलं. राग गेला नाही. अजून गेलेला नाही.

फ्लोट मात्र वेळेत दिले. नारिंगी, गुळगुळीत, एकसारखे. निम्म्या लॉटचं नुकसान त्यात पुरतं भरून निघालं नाही, पण पिंपांचे पैसे सुटले. पोरंपोरी आता बेटाच्या अलीकडे, दोरीला बोट टेकवून बसतात. पलीकडे चांदवे बसतात. दोघांचंही बरं चाललेलं दिसतं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात सुखनाचं पाणी फार उतरलं. मागच्या बाजूला चिखल उघडा पडला आणि दोरीच्या टोकाचे फ्लोट त्यावर पोटं दाखवत आडवे झाले. मी संध्याकाळी फिरायला गेलो तर मॅडम बांधावर उभ्या राहून दुर्बिणीतून तिकडेच बघत होत्या. फ्लोटच्या साच्यात, पोटाच्या बाजूला, जो भाग कायम पाण्याखाली राहतो तिथे मी माझ्या शेडचं नाव कोरून घेतलं होतं. प्रत्येक फ्लोटवर, ठसठशीत देवनागरीत.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. "हे नाव दराच्या वर की दरात?"

"दरातच," मी म्हटलं. "खालच्या."