काल म्हणजे कधी?

त्या बुधवारी सकाळी सानिकाचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. "काका, बाबा जिन्यात पडलेत. उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली, आणि मला भीती वाटायच्या आधी चक्क राग आला. कारण डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं तिच्या बाबानं, म्हणजे अविनाशनं, मला आदल्याच संध्याकाळी सांगितलं होतं. निदान मी तसं ऐकलं होतं… दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या माझ्या क्वार्टरपासून त्यांचं मुनिरका फार लांब नाही, पण मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

अविनाश गुडगावच्या पुढे मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. कंपनीच्या बसनं जाऊन-येऊन रोज तीन-साडेतीन तास. बाकीचे बसमध्ये माना टाकून झोपायचे आणि हा हिवाळाभर मांडीवर पेपर पसरून मटार सोलायचा! उन्हाळ्यात शर्टांची बटणं लावायची, नाहीतर उर्दू अक्षरं गिरवायची. रिकामा बसलेला अविनाश मी तीस वर्षांत पाहिला नाही. त्याचे फोनसुद्धा वेळापत्रकानं चालत. माझा वार मंगळवार. संध्याकाळी परतताना बस महिपालपूरला आली की फोन वाजायचा आणि मुनिरक्याला उतरेपर्यंत आमच्या गप्पा. मी जन्माचा आळशी, दुपारची झोप कुणासाठी मोडणार नाही. "तुझ्या झोपा जोडल्या ना यार, तर एक पीएचडी होईल," तो म्हणायचा. वर 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकवायचाच. त्याच्या तोंडी ते 'तले साचे' व्हायचं.

कारण अविनाश जन्मला-वाढला दिल्लीत. मी सांगलीहून परीक्षांचा अभ्यास करायला आलो, मुनिरक्यात खोली घेतली, आणि पहिल्याच भेटीत हा मला म्हणाला, "काल सकाली येतो, तयार राहा." हिंदीतला 'कल' मागचाही आणि पुढचाही, तोच त्यानं सरळ मराठीत आणलेला. मी पोट धरून हसलो. पुढे कितीतरी वर्षं तो 'काल' म्हणाला की मी त्याला कान पकडायला लावायचो. 'ळ' तर त्याला कधीच जमला नाही. एकदा हायवेवर त्यांची बस ट्रकवर आदळता आदळता वाचली, तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाला, "काल आला होता, पण वेल आली नव्हती!" मी विचारलं, "कुठली वेल? भोपळ्याची?" किती हसलो होतो आम्ही… हळूहळू तो 'उद्या' म्हणायला शिकला. दमला किंवा घाईत असला की मात्र जुना 'काल' निसटायचा. हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं म्हणूनच हे लिहितोय.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचे फोन मंगळवारखेरीज एरवीही येऊ लागले, तेही जिन्यातून. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "चढता चढता बोलतोय, वेल वाचतो," तो म्हणायचा. दोन शब्दांमध्ये धाप ऐकू यायची. मीनावहिनी मला कौतुकानं सांगत, "जिन्यातसुद्धा यांची कामं चालू! प्रत्येक मजल्यावर थांबून फोन करतात." त्यांना वाटे, फोनसाठी थांबतो. मला मात्र एका मंगळवारी त्यानं सहज सांगून टाकलं की डावा खांदा भरून येतो आणि दोन जिने चढलं की थांबावं लागतं. "थांबायचंच आहे, तर तेवढ्यात फोन होतात. मीनाला बोलू नकोस, तिचा दिवस कालजीत वाया जाईल." मी ऐकलं. दर मंगळवारी 'दाखवलंस का?' विचारायचं आणि त्यानं 'या आठवड्यात बिल्कुल' म्हणायचं, असं महिनाभर चाललं. एकदा वहिनींच्या कानावर घातलं असतं तर… पण मी मैत्रीचा शब्द पाळत बसलो होतो.

शेवटच्या मंगळवारी मी फोन उचलल्या उचलल्या विचारलं, "डॉक्टरांकडे गेलास का?" मागे हॉर्न, कंडक्टरसारखं कुणीतरी ओरडत होतं. "काल. सात वाजता," तो म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की काय म्हणाले ते विचारायचंसुद्धा सुचलं नाही. मी पेन्शनच्या कागदांचं रडगाणं लावलं, ते मुनिरका येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा सहाला खाली उतरला. बस यायला पाच मिनिटं होती आणि मटारची पिशवी वर राहिली होती. एवढ्या लांब रिकाम्या हातानं कसं जायचं? तो परत चढू लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचला… दुपारी मी वहिनींपाशी बसून वेड्यासारखा तेच तेच म्हणत होतो, "पण परवाच तर दाखवून आला होता."  वहिनींनी त्याच्या खिशातली डायरी आणून माझ्या हातात दिली. बुधवारचं पान. कामं ओळीनं लिहिलेली, सर्वांत खाली: डॉक्टर, सात वाजता. मागची पानं उलटली तर प्रत्येकावर तळाशी 'डॉक्टर' होतं, खोडून पुढच्या पानावर ढकललेलं. जन्मभर ज्याला मराठी शिकवली, त्याचा एक शब्द मला ऐन वेळी कळला नाही.

ती पिशवी वहिनींनी अजून दाराच्या कडीवरून काढलेली नाही. शेंगा वाळून गेल्यात, दार उघडलं की खडखडतात. आणि आता मंगळवारी, त्याच वेळेला, सानिका फोन करते. गुडगावच्या ऑफिसातून परतताना, त्याच रस्त्यावरून. काल-परवापर्यंत मी तिचं बोलणं ऐकत नुसता बसून राहायचो. या मंगळवारी ती म्हणाली, "काका, आई आजकाल जिन्यात थांबते. बोलते, बाबांची आठवण येते म्हणून. पण घाम येतो तिला."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"हो ना, काल."

मी उठून उभा राहिलो. "काल म्हणजे कधी? झालेला, की यायचा?"



"यायचा, काका."

"आईला सांग, खाली उतरू नकोस, जागची हलू नकोस. मी निघालो," म्हणालो, आणि चपला शोधू लागलो.