मोडक्या मानेचं वाद्य

बिराजदार सरांच्या घरी पहिल्यांदा गेलो आणि त्यांचं वाद्य दुरुस्त करायला बसलो. खुंटीला अर्ध्या भोपळ्याएवढ्या पोटाचं काहीतरी टांगलेलं होतं, आणि त्याची मान शेवटाला काटकोनात मागे वळलेली. सर आत चहा सांगायला गेले होते. मला वाटलं, मोडलंय बिचारं. ते गुडघ्यांत धरून मी मान सरळ करू लागलो. 'कर्र' असा आवाज झाला तेव्हा सर दारात उभे होते.

"ओ भूगोल," ते शांतपणे म्हणाले, "ती मान जन्मापासनं तशीच हाय. तुमची सरळ हाय म्हणून समद्यांची करू नका की."

आम्ही एकाच शाळेत. मी भूगोल शिकवायचो, ते इतिहास. मला ते शेवटपर्यंत विषयाच्याच नावानं हाक मारत. मूळचे अक्कलकोटकडचे. शिकवायचे मराठीत, पण तास संपला की पुस्तक मिटून कन्नडमध्ये 'साकु' म्हणत. साकु म्हणजे पुरे. सोलापुरातल्या दोन पिढ्या एवढं एकच कन्नड शिकल्या.

पुस्तकात युरोपातल्या प्रबोधनावर चार पानं होती. सर त्या चार पानांत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. एका चित्रात ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवणारा माणूस होता. त्यावरून त्यांनी मिरजेच्या सतारी करणाऱ्याकडून ते वाद्य घडवून घेतलं, इंटरनेटवरून त्या काळच्या वादकांच्या वह्यांच्या प्रती काढल्या. त्यांत सुरांची नावं नव्हती. कुठल्या तारेवर कुठं बोट ठेवायचं ते होतं. सर त्याला 'बोटांचा पत्ता' म्हणत.

"तीन राजे बघितले ह्या माणसानं," ते एका वहीवर हात ठेवून सांगत. "पहिल्यानं पोरगी दुसऱ्याला दिली, तिच्यासंगट ह्यालाबी धाडला. रुखवतात मांडल्यागत. तिथं मान मिळाला, झगा मिळाला. तिसऱ्याकडं बोटं थकली, तर जेवणाच्या टायमाला दाराबाहेर बसवला. आतनं ताटांचा आवाज आला की वाजवायचं."

"मग?"

"मग काय, मेला. पण लिहून ठेवलं हुतं, म्हणून हाय."

निवृत्तीनंतर साखरेनं सरांच्या डाव्या हाताच्या नसा खाल्ल्या. दोन बोटं आधीच बधिर झाली होती. एक दिवस म्हणाले, "भूगोल, एक चीज फोनवर घ्या. माझ्या हाताचं काहीतरी राहू दे. आता न्हाय तर कधीच न्हाय."

शेजारी यंत्रमाग. ते दुपारी जेवणाला अर्धा तास थांबत, तेवढीच शांतता. माग थांबले, सर बसले आणि तारा जुळवू लागले. एक तार छेडायची, खुंटी पिळायची, दोन-तीन तारांवरून बोटं फिरवायची, थांबायचं. आपल्याकडं बैठकीत तारा जुळवताना लोक पान लावतात, खोकून घेतात; ते वाजवणं नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय माझा फोन नातेवाइकांच्या सुप्रभातांनी भरलेला. जागा वाचवत मी अंगठा बटणावर धरून बसलो. अर्धा तास संपत आला. जुळवणं आज फारच गोड होतंय, असंही मनात आलं. शेवटी त्यांनी एक तार छेडली आणि ती विरेपर्यंत डोळे मिटून थांबले. आता सुरू होणार! मी बटण दाबलं.

"साकु," सर म्हणाले.

फोनवर सेकंद पळत होते.

"दरबारात ते असंच वाजवायचे," ते दमून सांगू लागले. "तारा जुळवता जुळवताच चीज. राजाला कळायचंबी न्हाय कधी सुरू झाली. आलं नव्हं समदं?"

त्यांचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता. बोटं काळीनिळी.

"आलं सर," मी म्हणालो.

आठवड्याच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात मला जवळ बोलावून म्हणाले, "ऐकवा की." मी तयारीत गेलो होतो. वहीवरचं नाव बघून कुठल्याशा परदेशी वादकानं वाजवलेली तीच चीज शोधून फोनमध्ये घेतली होती. ती त्यांच्या कानाशी धरली. सरांनी शेवटपर्यंत ऐकली.

"चांगला वाजवतो," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू: "कुठल्या दरबारात असतो हा?"

मी फोन खिशात घातला. त्यांनी उजवा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि काढून घेतला. दोन दिवसांनी सर गेले.

माझ्या फोनमध्ये त्यांचं अर्धं मिनिट अजून आहे. 'साकु' म्हणतात. दरबाराचं सांगतात. समदं आलं का विचारतात. मी 'आलं' म्हणतो, आणि शेजारचे माग सुरू होतात.