अनवाणी बॅच

गेल्या वर्षी जिममधली आमची बायकांची बॅच घटस्थापनेला बंद पडली ती थेट संक्रांतीनंतर सुरू झाली. ते यंदा होऊ द्यायचं नाही, हे मी भाद्रपदातच ठरवलं होतं.

आमचं बदनापूरला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पाइप खाली आणि बारीक सामान वरच्या फळ्यांवर. गुडघे कुरकुरायला लागले तसं मला शिडीवर चढणं जमेना. पाइप जोडायच्या एका कोपरासाठी यजमानांना गल्ल्यावरून उठवायचं, म्हणजे तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं परत जायची. डॉक्टर म्हणाले, मांड्या मजबूत करा. म्हणून मी जिमला नाव घातलं. दुपारी दुकानात शुकशुकाट असतो आणि नेमकी तीच वेळ जिमवाल्याने बायकांना दिली होती. माझ्यासाठी दिवसातली दुसरी कुठलीही वेळ शक्य नव्हती.

नियमितपणाचं मी आधीच जमवून ठेवलं होतं. बॅग आदल्या दिवशी भरून दुकानातच ठेवायची. वाटेत शेजारच्या साडीच्या दुकानातल्या भाभींना हाक मारायची, म्हणजे दोघींपैकी एकीला तरी दांडी मारायची लाज वाटते. उत्साह हा पाहुणा आहे, त्याच्या भरवशावर कुकर लावू नये. पावसाळ्यात मी पुन्हा शिडी चढायला लागले. यजमान खालून म्हणाले, "सावकाश! उतरवायला मी येणार न्हाई." मी कोपर घेऊन एकटीच उतरले.

पण नवरात्राचं काय करायचं, ते सुचत नव्हतं. आमच्याकडे बऱ्याच बायका घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत पायात काही घालत नाहीत. मीही नाही. आणि जिमच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी, बूट नाहीत तर प्रवेश नाही. एका मुलाच्या अंगठ्यावर लोखंडी प्लेट पडली होती तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो बरोबरच आहे. पण त्यापायी नऊ दिवस सुटले की मागोमाग कोजागिरी येते, मग दिवाळीची सफाई, मग फराळ. सवय मोडायला एवढं पुरतं.

घट बसायच्या आधी जिमवाल्याने मला थांबवलं. तरणा गडी, कधीकाळी कुस्ती खेळलेला. "काकू, राग मानू नका. पोलीस भरतीची पोरं तुमची वेळ मागून राह्यलीत. मागच्या साली तुमी बायका गेल्या त्या गेल्याच. मी काय मशीनला वारा घालत बसू?"

"यंदा येऊ."

"मागच्या सालीबी हेच म्हणल्या होत्या. असं करू, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बॅच भरली तर वेळ तुमची. न्हाई तर पोरांची."

दुसऱ्या दिवशी जिमचा जिना उतरताना मी सगळ्यांना विचारलं, यंदा बूट घालता का? आष्टीहून लग्न होऊन इथे आलेली एक सूनबाई हात जोडून म्हणाली, "ताई, माझा नवस हाय. देवीला काय सांगू, जिमवाल्यानं बूट घालायला लावले?" भाभी म्हणाल्या, "हमारे यहाँ भी यही है. अनवाणी म्हणजे अनवाणी."

त्यांचं बरोबर, जिमवाल्याचंही बरोबर. मग नडत काय होतं? लोखंड. ते पायावर पडतं म्हणून बूट. लोखंडच उचललं नाही तर बूट कशाला? मी तशीच जिन्यावरून परत वर गेले.

"भाऊ, नऊ दिवस आमच्या वेळेत वजनं भिंतीला लावून ठेवायची. आम्ही फरशी पुसून सतरंज्या टाकू. लोखंडाला हात लावणार नाही."

"वजन न्हाई तर मंग जिम कशाची?"

"आमचं वजन आहे की. ते कमी आहे का?"

तो हसला, तिथेच मी जिंकले. "बरं. पण एकीनंबी डंबेल उचललं तर बंद."

घट बसले आणि आम्ही अनवाणी जिमला गेलो. भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. हात न टेकता जमिनीवरून उठायचं. रबरी पट्टे ओढायचे. "बिना वजन के क्या होगा," असं म्हणणाऱ्या भाभींचे पाय भिंतीपाशी लटलटायला लागले. "देवी माँ, ये तो आरती से भी लंबा है!" आष्टीची सूनबाई हसता हसता सतरंजीवर बसली.

मधल्या दिवसांत उपवासाने सगळ्या गळाल्या. ग्रुपवर निरोप यायला लागले, आज चक्कर येते, आज पाहुणे आलेत. मी कळवलं, "व्यायाम करू नका. नुसतं येऊन सतरंजीवर बसा, लिंबू सरबत मी आणते." सगळ्या आल्या. आल्यावर नुसतं बसवेना, म्हणून हळूहळू हातपाय हलवले. खंडेनवमीला जिमवाल्याने डंबेलांना झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नसतो, त्यामुळे पोरांना सुट्टी होती. आमची बॅच मात्र चालू. आम्ही पूजेला नमस्कार केला आणि शेजारीच सूर्यनमस्कार घातले.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटायला दारोदार फिरताना मी प्रत्येकीच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि एकच वाक्य म्हटलं, "उद्या बूट."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर शटर बंद. आम्ही सगळ्याच्या सगळ्या बूट घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन जिन्यावर उभ्या. खालचा किराणावाला म्हणाला, "काकू, तो म्हणला बायका काय आज येत न्हाईत, जेवून जरा पडतो."

भाभींनी फोन लावला. "भैया, हम सब आ गये. आप कहाँ हो?"

पलीकडे खाट करकरली. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

जिमवाला धापा टाकत आला. केस विस्कटलेले, चाव्यांचा जुडगा हातात. त्याने शटर वर केलं, बाजूला सरकला आणि आम्हाला मोजायला लागला. मधेच मोजणं सोडून म्हणाला, "झालं. वेळ तुमची. पोरांना मी सांगतो." आणि आत पाऊल टाकायला निघाला.

"थांबा भाऊ," मी म्हटलं आणि दारावरच्या पाटीकडे बोट केलं.

त्याने खाली पाहिलं. घाईत तो स्लिपर घालूनच पळत आला होता.

"काकू, जिम माझी हाय!"

"बूट नाहीत तर प्रवेश नाही. या घालून. तोवर आम्ही सुरू करतो."

तो बडबडत जिना उतरला. आम्ही आत गेलो. डंबेलांवरचे झेंडू सुकले होते. मी माळ काढून बाजूला ठेवली आणि त्या नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा लोखंड उचललं. हलकं वाटलं, म्हणून त्याच्या वरचं घेतलं.