साहेबांची माळ आणि पिराची कंदुरी

आमच्या साहेबांची देवावर श्रद्धा आहे आणि ती सगळ्या तालुक्याला माहीत आहे, कारण तिचं वेळापत्रक मी करते. त्यांच्या संपर्क कार्यालयात बरीच वर्षं मी दौऱ्यांचं काम बघते. टेबलाच्या काचेखाली माझा एक तक्ता असतो: कोणत्या गावात कोणता देव, चप्पल कुठे काढायची, फेटा की टोपी, गंध की बुक्का, नारळ कोण आणणार. हा तक्ता करायची वेळ साहेबांनीच आणली. वडवणीजवळच्या एका गावात ते माइकवर म्हणाले, "इथला खंडोबा म्हणजे माझं दैवत!" मागे देऊळ मारुतीचं होतं. लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी आणि पेन घेऊन बसले.

तक्त्यात न बसणारी गोष्ट घडली ती तेलगावकडच्या एका सप्ताहात. शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन रंगलेलं. ठरलं होतं ते इतकंच: महाराजांना हार घालायचा, दोन शब्द बोलायचे, काला घ्यायचा आणि निघायचं. साहेबांनी हार घातला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, माइक धरून म्हणाले, "महाराज, आज माझ्या गळ्यात माळ घाला."

सगळा मांडव उठून उभा राहिला. महाराजांनी तुळशीची माळ घातली. साहेबांचे डोळे भरून आले. ते खरोखरच भरले होते. एरवी भरायचे असले की साहेब आधी रुमाल काढतात.

मी मात्र मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. माळ घातली की मटण बंद, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. आणि येत्या गुरुवारी साहेबांची कंदुरी होती.

कंदुरी म्हणजे पिराला बकरं देऊन गावाला मटणाचं जेवण घालायचं. आमच्या भागात हिंदूंच्या घरातही हा नवस बोलतात. साहेबांच्या आई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून साहेब बोलले होते, "आई पायानं चालत घरी आली तर कंदुरी करीन." आई चालत आल्या. आता राहिला होता नवस. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याचा नवस त्यानं पहिला घास घ्यायचा, मगच पंगत जेवते.

परतताना गाडीत मी म्हणाले, "साहेब, गुरुवार."

"गुरुवारी काय?"

"कंदुरी."

त्यांचा हात गळ्याकडे गेला. बराच वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात सल्ल्यांना तोटा नव्हता. एक कार्यकर्ता म्हणाला, "एक दिस माळ काढून ठिवा, शुक्रवारी घाला. कोण बघतंय?"

"समद्यांसमोर घातली, आन आता लपून काढू व्हय?" साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी कधी सभेत टाकलं असतं तर टाळ्या थांबल्या नसत्या.

"मग कंदुरीच पुढं ढकला."

"आन आईला काई झालं तर?"

भक्तीवर साहेबांना मी गावोगावी ऐकलंय, पण इतक्या खालच्या आवाजात कधीच नाही.

मी दर्ग्यावर गेले. तिथले चाचा पिराची दिवाबत्ती करतात आणि दारात फळांचा गाडा लावतात. ते आणि साहेब शाळेत एका बाकावरचे.

"साबनं माळ घातली, मोबाइलवर बघितलं," चाचा सीताफळं रचत म्हणाले. "लई शोभते." मग हात थांबला. "पण अक्का, पैला घास कोण घेणार?"

"तेच विचारायला आले."

"मला कावून इचारता? नवस काय माज्याशी बोललेत? माज्याकडं निस्ती रांधायची डेग हाय. सुनांनी मसाला कुटून ठिवलाय." फळं पुन्हा रचायला लागले, पण माझ्याकडे बघेनात.

शेवटी साहेब आईंकडे गेले. धीर म्हणून मला सोबत घेतलं. आई पलंगावर बसून शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"नवस कोण बोललं?"

"मी."

"आन चाललं कोण?"

"तू."

"मग घास मी घेते की. माळ तुज्या गळ्यात हाय, माज्या न्हाई." एक शेंग फोडून त्या पुढे म्हणाल्या, "मला कुणी इचारलंच न्हाई. डाक्टरनं मीठ बंद केलं, तू मटण बंद करायला निगाला."

साहेब हसले. मग पलंगाच्या कडेला बसून त्याच शेंगा फोडायला लागले.

गुरुवारी आई गाडीतून उतरल्या आणि कुणाचाही हात न धरता दर्ग्यापर्यंत चालत गेल्या. पंगत बसली होती. चाचांनी डेगीतला मऊ तुकडा शोधून दिला. दात मोजकेच उरलेले, त्यामुळे घास बराच वेळ चालला आणि अख्खं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"झालं," आई म्हणाल्या. "वाढा आता."

साहेब भाकरीची पाटी घेऊन पंगतीत शिरले. फोटोवाल्याला बोलावू नका, असं त्यांनीच मला बजावलं होतं. तरी सवयीनं दोनदा मागे वळून पाहिलं.

चाचा द्रोणात मलिदा घेऊन आले. गूळ घालून चुरलेली चपाती, तुपानं चकचकीत. "घ्या, माळकरी साब. तुमच्यासाठी येगळा केलाय."

"तू तरी साब म्हणू नको बे."

"मग नीट वाढ की बे. त्या कोपऱ्यात भाकर पोचली न्हाई."

साहेबांनी वळून पाहिलं. त्या कोपऱ्यात आई बसल्या होत्या, रिकामं ताट पुढे करून.