बॅलेच्या जमिनीला ताक

बेचाळिसाव्या वर्षी मी बॅले शिकवायची परीक्षा दुसऱ्यांदा दिली, आणि परीक्षेच्या सकाळी माझ्या सासऱ्यांनी वर्गाच्या जमिनीला ताक पाजलं.

नुसतं ताक नव्हे. तेल, हळद आणि चार लिंबंसुद्धा! मामा (म्हणजे सासरे, वारज्यात आमच्याकडे मामाच म्हणतात) तरुणपणी पंचक्रोशीतले नावाजलेले पैलवान. घराखालचा हॉल त्यांनीच मला वर्गासाठी दिला, शिवाय लाकडी जमीनही घालून दिली. आदल्या दिवशी जेवताना मी एवढंच म्हणाले होते, "मामा, उद्या सगळं त्या जमिनीवर आहे. कुणाचा पाय घसरला की मी गेलेच!" झालं! कुस्तीआधी आखाड्याची माती तयार करतात, तशी त्यांनी माझी जमीन तयार केली.

"मामा, हे काय केलंत?"

"घसरू नये म्हनून केलंय, सूनबाई. तेल-ताक पाजल्याबिगर आखाडा पाय धरत न्हाय."

"अहो, पण ती माती असते! हे लाकूड आहे!"

मामांनी जमिनीकडे नीट पाहिलं. "व्हय," ते म्हणाले, "पीत का न्हाय म्हनून मी बी जरा इचारात पडलो हुतो."

साडेदहा वाजले होते. परीक्षक बाई अकराला येणार होत्या. प्राथमिक वर्ग मी घेतच होते; मधल्या पातळीच्या मुलींना शिकवायचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, हे त्यांच्या हातात. गेल्या खेपेला "मुलींचा शरीरावर ताबा नाही" असं लिहून त्यांनीच मला नापास केलं होतं, आणि तिसरी संधी नव्हती. तीन वर्षांचं शिक्षण पाण्यात! मी साबणाचं पाणी घेऊन पुसायला बसले. तेल निघालं नाही, फक्त सगळीकडे सारखं पसरलं. तेवढ्यात सहा मुली आल्या. पहिली आत शिरली ती थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेली (चालत नव्हे!).

"ताई, जमीन पिवळी का आहे?" शर्वरीनं भिंतीला धरून विचारलं.

"नंतर सांगते. आज उड्या रद्द. भिंतीवरचा दांडा सोडायचा नाही. पोट आत, गुडघे ताठ, आणि जोरात श्वाससुद्धा घ्यायचा नाही!"

बाई आल्या. दारालगतच्या खुर्चीत मी त्यांना बसवलं. शेजारच्या खुर्चीत मामा (ते हलायलाच तयार नव्हते). बाईंनी दोनदा वास घेतला.

"कुठे कढी चाललीय का?"

"वरती," मी म्हणाले.

वर्ग सुरू झाला. मुली भीतीनं इतक्या जपून वाकत होत्या, पाय इतका सावकाश उचलत होत्या, की आठ महिने घसा फोडून जे जमलं नव्हतं ते त्या सकाळी आपोआप जमलं! एकीचीही मान हलेना. बाई भराभर लिहीत होत्या.

"ताबा सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही एक गिरकी करून दाखवा."

"आत्ता?"

"मग काय, दिवाळीत?"

मी देवाचं नाव घेतलं आणि एका पायावर गिरकी घेतली. एरवी माझी एक होते, तीही उपकार केल्यासारखी. त्या दिवशी तीन झाल्या! चौथीला पाय निसटला, मी दाणकन बसले आणि बसल्या बसल्या घसरत निघाले, ती दोन्ही हात पुढे करून थेट मामांच्या पायांवर. मामांनी सवयीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अखंड सौभाग्यवती व्हा."

कुणीही हसलं नाही. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि भिंतीला धरून निघून गेल्या.

पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग एका दुपारी निकालाचा मेल आला. मामांनी तो मोठ्यानं वाचायला लावला. "मुलींची तयारी उत्कृष्ट. शिकवण्याची पद्धत परिणामकारक. उत्तीर्ण." मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे धावत आले! आनंदानं रडूच फुटलं. डोळे पुसून पाहते तो खाली आणखी एक ओळ: "शिक्षिकेनं स्वतः मात्र एखाद्या चांगल्या प्राथमिक वर्गात नाव घालावं."

मी चौकशी केली. वारज्यात बॅलेचा प्राथमिक वर्ग एकच आहे, पण तिथल्या बाईंबद्दल मी फारसं चांगलं ऐकलेलं नाही!