जेट इंजिनाला झेंडूचा हार

सांगू की नको, असं होतंय खरं. पण चहा संपेपर्यंत तुम्ही मला सोडणार नाही, तेव्हा ऐका. इतका वेंधळेपणा वैऱ्याच्याही हातून न होवो!

दिल्लीजवळ मानेसरला आमच्या प्रयोगशाळेत एक छोटं जेट इंजिन आहे. ते पुढून हवा ओढतं, मागून धूर सोडतं. तो धूर मोजायचं काम माझं. माझी सहकारी नसरीन, मूळची सोलापूरची, पण वाढली करोल बागेत. तिने कमी धूर सोडणारं इंधन तयार केलं होतं. वर्षानुवर्षं राबली बिचारी! चाचणी फसली की तिचं काम कायमचं बंद होणार होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दसरा. इथली मंडळी विश्वकर्मा पूजा करतात, पण आपण पडलो मराठी! दसऱ्याला यंत्राला हार नको? बायकोने झेंडूचा जाडजूड हार ओवून दिला. मी तो इंजिनाच्या तोंडावर बांधला, कुंकू लावलं, मनोभावे नमस्कार केला.

आणि दुसऱ्या दिवशी? काढायला साफ विसरलो! सुरू करण्याआधी पुढची बाजू तपासायचं काम कोणाचं? तेही माझंच!

आम्ही शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. कॅमेरा मागच्या बाजूला, कारण माझा सगळा जीव धुरात. इंजिन सुरू झालं आणि काळाकुट्ट लोट!

"ये क्या है, कुलकर्णी जी?" आमचे डायरेक्टर मल्होत्रा साहेब ओरडले.

मी गंभीरपणे मान हलवली. "सर, फ्यूएल ही खराब है. बिल्कुल होपलेस."

नसरीनचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, हवा कमी पडत असेल. एकदा पुढे बघूया ना?"

"अगं, हवेला काय धाड भरलीय?"

साहेबांनी काम बंद करायला सांगितलं. इंजिन थांबल्यावर नसरीन थेट इंजिनापाशी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात माझा हार होता. तो इंजिनाच्या तोंडावरच्या जाळीला चिकटून बसला होता. हवाच आत जाईना, तर इंधन जळणार कसं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा चाचणी झाली. या वेळी धूर जवळजवळ दिसेचना. नसरीनचे डोळे भरून आले.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. "सर, धूर कमी करायला मी उगाच एवढी वर्षं घालवली. तुम्हाला एक दिवस रजा दिली असती तरी पुष्कळ फरक पडला असता!"