टोपऱ्यातला दगड

ती घटना आठवली की मला आजही आधी हसू फुटतं. उभ्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घरी पाहुणे जमले की फर्माईश होते ती याच केसची. नावं मात्र मी कुणाचीच सांगणार नाही. ज्यांची ही केस, ती माणसं अजून दिवाळीला फोन करतात, आणि तो फोन मला बंद पाडायचा नाही.

निवृत्ती जवळ आली होती आणि मी देऊळगाव राजा भागात ठाणेदार होतो. हद्दीतल्या एका मळ्यातल्या देवळातून लहानशी दगडी मूर्ती चोरीला गेली होती. बालाजीच्या गावात देव चोरीला जाणं ही साधी गोष्ट नव्हे. चहा द्यायला येणारासुद्धा कप ठेवता ठेवता विचारायचा, "साहेब, लागला का तपास?" तपास लागत नव्हता.

एका सकाळी हजेरी चालू असताना बसस्टँडवरच्या आमच्या खबऱ्याचा फोन आला. एक म्हातारा-म्हातारी जालन्याच्या गाडीत चढताना त्यांच्या पिशवीचं तोंड उघडलं. आत रेशमी फडकं, त्यातून डोकावणारा काळा दगड, त्यावर हळदकुंकू. म्हातारीनं झटकन पदर टाकला. कंडक्टरनं पिशवीला हात लावला तर त्याच्यावर खेकसली. आणि दोघं पुढे विमानानं बंगळुरूला निघाले होते.

अशा वेळी पोलिसाच्या डोक्यात दोन आणि दोन चार होत नाहीत, चाळीस होतात. स्टेशन डायरीला नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं, शेजारच्या जिल्ह्यातल्या विमानतळावर फोन करून दोघांचं वर्णन दिलं आणि एका महिला अंमलदाराला घेऊन जीप काढली. खोटं कशाला बोलू, जालना ओलांडेपर्यंत मी पेपरातली बातमीही मनात लिहून काढली होती, फोटोसकट.

पोचलो तेव्हा दोघांना एका बाजूला बसवलेलं होतं. तिथल्या सुरक्षा दलाची तरुण उपनिरीक्षक माझीच वाट पाहत होती. गणवेश कडक, हिंदी त्याहून कडक. पिशवी तिनं उघडली नव्हती. कारण विचारलं तर म्हणाली, म्हातारी हात लावू देत नाही, रडते. आणि आमच्याकडे नवीन यंत्र चाचणीला आलं आहे, आधी त्यातून पाहू.

तोवर मी माझी पद्धत वापरली. दोघांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली.

म्हातारबुवा शेतकरी, साधा माणूस. म्हणाले, "वरवंटा हाय साहेब. चटणी वाटाचा."

मी म्हटलं, चटणीच्या वरवंट्याला रेशमी कापड कशाला? आणि बंगळुरूला काय दगड मिळत नाहीत?

"ते मले काय माहीत? बायकाईचं काम हाय ते."

म्हातारीचं माहेर पिंपळगाव राजाकडचं, जीभ तिखट. पण माझ्यासमोर ती नुसती पिशवीवर पदर ओढत राहिली. पुन्हा पुन्हा विचारल्यावर एवढंच म्हणाली, "लेकरू हाय ते. उघडू नका."

नवरा म्हणतो वरवंटा, बायको म्हणते लेकरू. जबाब जुळत नाहीत म्हटल्यावर संशय पक्का, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. मी मिशीवरून हात फिरवला. महिला अंमलदाराला पंचनाम्याचे कागद काढायला सांगितले.

पिशवी यंत्रात गेली. जुन्या यंत्रात सगळं एकावर एक सपाट दिसायचं. हे यंत्र वस्तू चहूबाजूंनी पाहत होतं. उपनिरीक्षक पडद्यावर बोट फिरवायची तशी पिशवी हवेत गोल फिरायची. तिनं वरचं कापड पडद्यावरच उतरवलं, मग दुसरं. ती मला समजावत होती की पुढे सगळीकडे अशीच यंत्रं येणार, पिशवीतून काही बाहेर काढायला लागणार नाही, चेहरा हाच पास होणार, माणूस न थांबता चालत जाणार. माझं अर्धं लक्ष तिकडे, अर्धं मूर्तीकडे. आत गुळगुळीत लांबट दगड. नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. मात्र वरच्या टोकाला कापडाची एक गोल चुणीदार घडी आणि तिला दोन बंद.

ती पडदा बघत राहिली आणि तिचा चेहरा बदलत गेला. उठून थेट म्हातारीसमोर उकिडवी बसली आणि हिंदी गुंडाळून म्हणाली, "आजी, बारसं कोनाचं हाय?"

म्हातारीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "कोन्या गावची व तू?"

"वरवट बकालची. तुमच्याच जिल्ह्यातली."

"मंग तुले तरी कळलं बापा. नातीचं हाय. उद्या."

मग उलगडा झाला. बारशाला बाळाआधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला झबलं-टोपरं चढवून 'गोप्या' म्हणतात, दोन बाया पाळण्याच्या दोन बाजूंना बसतात आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत त्याला वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. हा वरवंटा म्हातारीच्या सासूचा. घरातलं प्रत्येक पोर त्याच्यामागून पाळण्यात गेलेलं. पूजा करून एकदा सजवला की बारशापर्यंत उघडायचा नाही, हा त्या घरचा नेम. हे सगळं बायकांच्या खोलीत चालायचं, म्हातारबुवा बाहेर घुगऱ्या खात बसायचे. त्यांना तो चटणीचाच माहीत.

खात्री म्हणून मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "आपल्याही पोरांच्या वेळी हेच केलं. तुम्ही बाहेर बंदोबस्त पाहत होते." माझ्यासोबतची महिला अंमलदार कागदांआड तोंड लपवून हसत होती.

पण नियम तो नियम. एवढा जड दगड हातातल्या पिशवीत विमानात नेता येत नाही. सामानात टाकायला हवा, आणि सामान घेणारी खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. म्हातारी हटून बसली.

"लेकराले कोनी डिक्कीत टाकते का? नाही जात मी. बिनगोप्याचं बारसं मले पाहाचं नाही."

म्हातारबुवा घामाघूम. मी समजावून थकलो. शेवटी उपनिरीक्षकच म्हणाली, "आजी, लेकरू नऊ महिने कुठं असते? पोटातच ना, अंधारात? मंग याले थोडा वेळ इमानाच्या पोटात राहू द्या. उतरल्यावर तुमच्याच हाती येते."

म्हातारीनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं. मग हळूच पिशवी पुढे केली. "डोक्शाकून धर," तान्ह्या बाळाचं डोकं सांभाळायला सांगावं तशी म्हणाली. उपनिरीक्षक दोन्ही हातांवर ती पिशवी घेऊन खिडकीकडे धावली, आणि मागून मीही धावलो, का ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. पलीकडे पाळण्याची गाणी, बायांचा गलका. म्हातारबुवा ओरडून सांगत होते की गोप्या सुखरूप पोचला, पोरीचं नाव ठेवलं. मी हजेरीतच सगळ्यांना पेढे वाटले. मळ्यातली मूर्ती पुढे दुसऱ्या खबरीवरून मिळाली, पण तेव्हा पेढे मी नाही, गावानं वाटले.

यंत्रांना नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. ते यंत्र नसतं तर मी चार माणसांत ते टोपरं ओढून काढलं असतं आणि एका घराचा नेम मोडला असता. यंत्रानं हात न लावता पाहिलं, हे मला फार आवडलं. दुसरं शिकलो ते असं, की दोन जबाब जुळले नाहीत म्हणजे एक खोटा असतोच असं नाही. घर एक असलं तरी नवऱ्याला ओसरी माहीत असते, बायकोला माजघर. दोघंही खरं बोलत होते, विचारणाराच कमी पडला.

निवृत्तीनंतर माझ्या नातीचं बारसं झालं. मी सवयीनं बाहेर खुर्च्या मांडत होतो. बायकोनं आतून हाक मारली. पाळण्याच्या एका बाजूला ती, दुसरी बाजू रिकामी. सगळ्या बाया माझ्याकडे बघून हसत होत्या. मी खाली बसलो. तिनं झबलं-टोपरं घातलेला आमचा वरवंटा पाळण्याखालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"घ्या ठाणेदार, तुमचा मुद्देमाल. डोक्शाकून धरा."